सात ठिपक्यांची पट्टी

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थांनी ‘मुलगी कंप्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं. सासरच्यांनी त्याचा अर्थ ‘टायपिंग चांगलं असणार’ असा लावून घेतला. प्रत्यक्षात मी मोपेडच्या पुढ्यात हत्यारांची पिशवी ठेवून पेठापेठांतून फिरायचे आणि लोकांच्या टेबलांखाली शिरून केबली जोडायचे. गिऱ्हाइकांनी मला ‘केबलबाई’ असं चोख नाव ठेवलं होतं. आता निवृत्त झाल्यावर ते नाव पुसलं जाऊ नये असं वाटतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

हे काम काय होतं ते आजच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. तेव्हा एका संस्थेत एकच कंप्युटर असायचा. त्याला आठ-दहा टर्मिनल जोडलेली असत. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. डोकं एकच, एका मोठ्या पेटीत. त्या पेटीच्या पाठीला सारख्याच दिसणाऱ्या खाचा असत, त्यांना आम्ही पोर्ट म्हणायचो. प्रत्येक पोर्टातून एक केबल निघायची आणि भिंतीतून, पंख्यावरून, कधी देवाच्या फोटोमागून जात एकेका टेबलापर्यंत पोचायची.

आपल्या पाठीला काय जोडलंय हे त्या पेटीला कळत नसे. ते आपण एका यादीत लिहून द्यायचं. पाचव्या पोर्टावर टर्मिनल आहे, तिथे पहारेकरी उभा कर. सातव्यावर प्रिंटर आहे, तिथे नको. हा पहारेकरी म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. तो समोरच्या पडद्यावर ‘लॉगिन’ एवढाच शब्द लिहायचा आणि येणाऱ्यानं नाव सांगेपर्यंत बसून राहायचा. नाव पटलं तर आत, नाही तर पुन्हा ‘लॉगिन’. पुण्यात हा प्रोग्रॅम रुजायला काहीच हरकत नव्हती.

तरी एका वाचनालयात हरकत आलीच. तिथले कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक होते. पडद्यावर शब्द उमटला, मी त्यांना अर्थ सांगितला, तर ते खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “मी या संस्थेत बावीस वर्षं आहे, हे काल आलं. नाव कुणी कुणाला विचारायचं?” मी त्यांच्याऐवजी नाव टाइप केलं. पुढे मी असेपर्यंत त्यांनी स्वतः ते कधी टाइप केलं नाही. दार उघडून द्यायला ते एका कारकुनाला पाठवायचे आणि मग आत जायचे.

कसबा पेठेतल्या एका घाऊक व्यापाऱ्यांकडे तर दोन कंप्युटर होते. ते एकमेकांना जोडून द्या म्हणाले. मी जोडले आणि घाईत दोन्ही बाजूंना पहारेकरी उभे करून आले. एकानं विचारलं, लॉगिन? दुसऱ्याला वाटलं, हे समोरच्याचं नाव. ते पटलं नाही म्हणून त्यानं उलट विचारलं, लॉगिन? दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा दोघे तेच करत होते आणि दोन्ही यंत्रं दुसरं काहीही करेनाशी झाली होती. व्यापारी शांत होते. आमच्या गल्लीत दोन भाऊ गेली वीस वर्षं असंच बोलतात, तेव्हा मला यात नवल वाटलं नाही, असं ते म्हणाले.

अशा चुका मी हसत सांगते, कारण त्यांत माझ्याखेरीज कुणाचं काही बिघडलं नाही. एक चूक मात्र मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. तीच सांगायची आहे.

शनिवार पेठेत एक रक्तपेढी होती. तिचं कंप्युटरचं काम आमच्याकडे होतं. आमच्याकडे म्हणजे नारायण पेठेत एका जिन्याखाली बसणारे गोगटे साहेब आणि मी. रक्तपेढीची एक शाखा हडपसरला होती. कुठल्या गटाच्या किती बाटल्या इथे आहेत आणि किती तिथे, हे दोघांना एकमेकांचं रोज सकाळी कळायला हवं होतं. हडपसरपर्यंत केबल ओढणं शक्य नव्हतं, म्हणून मोडेम बसवायचं ठरलं. मोडेम ही एक चपटी डबी. ती कंप्युटरचं बोलणं शिट्टीसारख्या आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेवरून पाठवते आणि पलीकडची तशीच डबी त्या शिट्ट्यांचं पुन्हा बोलणं करते. शाखेनं फोन लावायचा, शनिवार पेठेतल्या डबीनं तो आपोआप उचलायचा आणि पहारेकऱ्यानं विचारायचं, लॉगिन?

श्रावणात मी ते काम केलं. मोडेम टेलिफोनजवळ हवा होता आणि टेलिफोनजवळच्या टेबलावर तर प्रिंटर बसला होता. जुन्या जाड भिंतीतून नवी केबल घालणं म्हणजे दोन दिवसांचं काम. मी डोकं चालवलं. प्रिंटर उचलून खिडकीजवळच्या टेबलावर नेला, तिथे एक टर्मिनल होतं ते काढलं आणि त्याची पाच नंबरची केबल प्रिंटरला लावली. प्रिंटरची सात नंबरची केबल मोकळी झाली, ती मोडेमला दिली. मग पेटीला सांगितलं की आता पाचवर पहारेकरी नको, सातवर हवा. हडपसरहून फोन लागला, शिट्टी वाजली, बाटल्यांची यादी आली. रक्तपेढीचे सचिव सहस्रबुद्धे यांनी ती कपाटातल्या बाटल्यांशी ताडून पाहिली आणि “बरोबर दिसतंय” असं म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कुणी ऐकली नव्हती.

त्या यंत्रात पोर्टांच्या दोन याद्या असत. एक चालू यादी आणि एक मूळ यादी. यंत्र काम करायचं ते चालू यादीवरून. पण यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, की ते मूळ यादी उघडून तीवरून चालू यादी नव्यानं तयार करायचं. म्हणजे चालू यादीत केलेला बदल हा तोंडी हुकूम. तो पक्का करायचा तर मूळ यादीतही लिहायला हवा. मी त्या दिवशी चालू यादी बदलली आणि मूळ यादी उद्या बदलू म्हणून निघाले. दुसऱ्या दिवशी कुठे तरी दुसरीकडे आग लागली होती, आमच्या धंद्यात ती रोज कुठे ना कुठे लागलेली असे. उद्याचं काम राहून गेलं. यंत्र बॅटऱ्यांवर होतं, वीज गेली तरी ते बंद पडत नसे. दोन महिने माझ्या तोंडी हुकमावर सगळं सुरळीत चाललं.

त्या रक्तपेढीत दगडूमामा नावाचे शिपाई होते. वय पन्नाशीच्या पुढे. वडील तांबट आळीत भांडी घडवायचे आणि लहानपणी मामांनीही हातोडी चालवली होती. पुढे बंब आणि घंगाळं घेणारी घरं कमी झाली, तेव्हा ते इथे लागले. अकरा वर्षं ते वर्षावर्षाच्या नेमणुकीवर होते. दर वर्षी कागद नवा, माणूस तोच. त्या दसऱ्यानंतरच्या कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांना कायम करायचं की नाही हे ठरणार होतं. मामांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि पाहुण्यांनी नोकरी कायम आहे का असं विचारलं होतं. हे मला ठाऊक होतं, कारण त्यांनीच चहा देताना सांगितलं होतं.

मामांना चकचकीत करण्याचं वेड होतं. मोडेमच्या केबलीचं धातूचं टोक पाहून त्यांनी मला एकदा विचारलं होतं की याला चिंच लावली तर चालेल का. मी घाबरून नको म्हटलं होतं. कोरड्या फडक्यानं पुसलं तर चालेल, एवढी सवलत दिली होती.

खंडेनवमी आली. वर्षभर ज्यांच्यावर पोट चालतं ती हत्यारं त्या दिवशी धुऊनपुसून पुजायची आणि त्यांना विसावा द्यायचा, हे काही पुणेकराला सांगायला नको. माझ्या घरी माझ्या पकडीलाही झेंडूचं फूल मिळे. रक्तपेढीत सूक्ष्मदर्शक, वजनकाटे आणि त्यांच्याबरोबर कंप्युटरही पुजायचा होता. मी भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेबरहुकूम सहस्रबुद्ध्यांनी स्वतः यंत्र बंद केलं. मामांनी सगळ्या केबली काढल्या, पेटी पुसली, केबलींची टोकं कोरड्या फडक्यानं पुसली आणि परत लावल्या. पेटीला हळदकुंकू वाहिलं. नवमी आणि दसरा, दोन दिवस काम कागदी रजिस्टरांवर चाललं. एकादशीला सकाळी यंत्र सुरू केलं आणि गोगटे साहेबांना फोन आला.

मी पोचले तेव्हा खिडकीजवळचा प्रिंटर कागदावर ‘लॉगिन’, ‘लॉगिन’ छापत सुटला होता आणि कागद जमिनीवर लोळत होता. तिकडे टेलिफोन वाजत होता आणि मोडेम तो उचलत नव्हता. हडपसरवाल्यांनी शेवटी दुसऱ्या फोनवरून बाटल्यांचे आकडे तोंडी सांगितले होते, त्यामुळे कुठल्याही रुग्णाचं काही अडलं नाही. ते मी आधी विचारून घेतलं आणि मग कामाला लागले.

सहस्रबुद्धे हात पाठीमागे बांधून उभे होते. आमच्या शिपायांनी केबली काढल्या होत्या, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मामांना मी विचारलं. ते म्हणाले, “काढल्या, पुसल्या आणि जिथल्या तिथे लावल्या, बाई.”

जिथल्या तिथे लावल्या असं सगळेच म्हणतात. पेटी भिंतीला टेकून होती, मागे अंधार होता. मी हात घालून बोटांनी मोजत पाच आणि सातच्या केबली काढल्या. सातच्या केबलीला कसली तरी पत्र्याची पट्टी बांधलेली लागली, ती मधे येत होती म्हणून ओढून काढली आणि पिशवीत टाकली. दोन्ही केबलींची अदलाबदल केली. प्रिंटर गप्प झाला. टेलिफोन वाजला, मोडेमनं उचलला, शिट्टी झाली. सगळं मिळून दहा मिनिटं.

याहून स्वच्छ पुरावा कुणाला हवा? केबली उलटसुलट लागल्या होत्या, मी सुलट केल्या, काम झालं. सहस्रबुद्धे म्हणाले की कारण लेखी द्या, संध्याकाळी पाचला बैठक आहे, तिथे ठेवतो. मी आमच्या छापील कागदावर लिहिलं की साफसफाईच्या वेळी शिपायानं केबल क्रमांक पाच व सात यांची अदलाबदल केल्यामुळे बिघाड झाला. खाली पूर्ण नावानिशी सही केली. कागद देताना मामा दारात ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायले.

दुपारी सव्वाचारच्या सुमारास मी नारायण पेठेत परत आले. पिशवी रिकामी करताना ती पट्टी हाताला लागली. तांब्याची होती, बोटाच्या पेराएवढी, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, वर भोक पाडून त्यात बारीक तार. पट्टीवर पोगराच्या, म्हणजे ठोकायच्या बारीक खिळ्याच्या, टोकानं ठोकलेले ठिपके होते. तांबट भांड्यावर ठोकतात तसे, एका रांगेत, एकसारखे. मी ते मोजले. सात होते.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी केबलींना कागदी नंबर चिकटवले होते, ते पावसाळ्याच्या ओलीनं गळून पडले असणार. मामांनी केबल काढण्याआधी तिला पट्टी बांधली होती. सात ठिपक्यांची केबल त्यांनी सातव्या पोर्टातून काढली आणि सातव्यातच लावली होती. मी तिथूनच तर ती काढली होती. आणि ती केबल मोडेमची होती.

मग मोडेम सातवरच होता? मी माझी कामाची डायरी काढली. श्रावणातलं पान उघडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘पाच: प्रिंटर. सात: मोडेम. मूळ यादीत उद्या लिहिणे.’ झालेल्या कामापुढे मी बरोबरची खूण करायचे. त्या ओळीपुढे खूण नव्हती.

सगळा उलगडा झाला. वर्षभरात ज्या एकाच सणाला यंत्र मुद्दाम बंद करतात, त्या सणाला ते बंद झालं. सुरू झाल्यावर त्यानं मूळ यादी उघडली. तिच्यात माझा हुकूम नव्हता. त्यानं जुन्या समजुतीनं पाचवर पहारेकरी ठेवला, तो प्रिंटरच्या कागदावर नाव विचारत बसला. सातवर कुणीच नव्हतं, म्हणून मोडेमनं फोन उचलला नाही. मी केबली उलट्या केल्या आणि माझी चूक त्या उलटेपणात बरोबर झाकली गेली. मामांनी सगळं अचूक लावलं होतं. अदलाबदल मी केली होती आणि नाव त्यांचं लिहून आले होते.

गोगटे साहेब बाहेर गेले होते. त्यांना विचारायला थांबले असते तर बहुधा गेले नसते, म्हणून थांबले नाही. मोपेडवर बसले. अप्पा बळवंत चौकात नेहमीप्रमाणे सगळी वाहनं एकमेकांना शहाणपण शिकवत उभी होती. इतका वेळ मी मनात एकच गोष्ट घोकत होते की बैठक अजून सुरू झालेली नसू दे. पोचले तेव्हा पाचला दहा कमी होते आणि सभासद जिना चढत होते.

सहस्रबुद्ध्यांना मी बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. याद्या, खूण न केलेली ओळ, पट्टी. त्यांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, चष्मा वर करून ठिपके मोजले.

“म्हणजे दोन महिने आमचं यंत्र तुमच्या तोंडी हुकमावर चाललं होतं.”

मी हो म्हटलं.

“माझंही घरात तसंच चालतं. पण मला बंद करून कुणी पूजा करत नाही, त्यामुळे अजून उघडकीला आलेलं नाही.”

मी सकाळचा कागद परत मागितला. ते म्हणाले, तो मिळणार नाही, फायलीला लागला. दुसरा लिहा, तो त्याच्यावर लावतो, म्हणजे वाचणाऱ्याला आधी खरं कळेल. मी उभ्याउभ्या लिहिलं. बिघाड मूळ यादीत नोंद न केल्यामुळे झाला, ती चूक माझी, शिपायाने सर्व केबली योग्य जागी लावल्या होत्या. याही कागदावर पूर्ण नाव. सहस्रबुद्धे आत गेले. मी पेटीपाशी जाऊन केबली परत मामांच्या जागी लावल्या, या वेळी टॉर्च घेऊन. तेव्हा दिसलं. प्रत्येक केबलीला एक पट्टी होती. एक ठिपका, दोन ठिपके, तीन. मग मूळ यादी उघडली, जे श्रावणात लिहायचं ते लिहिलं, यंत्र बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. प्रिंटर गप्प राहिला. हडपसरला फोन करून तिकडून फोन लावायला सांगितला. मोडेमनं उचलला. मी पेटीला टेकून खाली बसले आणि मला एकदम रडू आलं, दुःखाचं नव्हे, सुटल्याचं.

गोगटे साहेबांना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी दोन्ही कागदांवर काय लिहिलं ते विचारून घेतलं. मग म्हणाले की चूक कबूल केलीत ते ठीक, पण दोन्ही कागदांवर पूर्ण नाव कशाला लिहायचं, आद्याक्षरं पुरली असती. त्यानंतर मात्र त्यांनीच नियम केला की कुठलंही काम संपलं की गिऱ्हाइकासमोर यंत्र एकदा बंद करून सुरू करून दाखवायचं आणि मगच सही घ्यायची. आम्ही त्या तपासणीला आपसात ‘नवमी’ म्हणायचो. “नवमी केलीत का?” असं ते फोनवर विचारायचे. नवमीत पुढे माझ्या कितीतरी चुका सापडल्या, सगळ्या गिऱ्हाइकाच्या दारातच.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. बैठक सव्वा तासानं संपली. सहस्रबुद्धे जिना उतरताना मामांजवळ थांबले, “दगडू, पुढच्या वर्षी नेमणुकीचा कागद मागायला येऊ नका, मिळणार नाही. आता कायम झालात,” एवढं म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले. मामा ट्रे धरून तसेच उभे राहिले. मी त्यांच्यापाशी गेले आणि सकाळी मी काय लिहून दिलं होतं आणि खरं काय होतं ते त्यांना सांगितलं. माफी मागितली. ते रागावतील, निदान काहीतरी टोचून बोलतील, अशी माझी तयारी होती.

त्यांनी ट्रे खाली ठेवला.

“सकाळपासून मी तेच आठवत होतो, बाई,” ते म्हणाले. “वडील म्हणायचे, तांबटाचा हात थरथरला तरी चालेल, मोजणं चुकता कामा नये. मला वाटलं, आता मोजणंही गेलं. दुपारी चार वेळा मागे जाऊन बोटांनी पोर्ट मोजून आलो, तरी खात्री होईना. मोजणं बरोबर होतं ना माझं?”

बरोबर होतं, मी म्हटलं. सगळंच्या सगळं.

मामांनी माझ्या हातातून ती सात ठिपक्यांची पट्टी घेतली, पेटीच्या मागे वाकले आणि तिची तार पुन्हा सातव्या केबलीला पिळून घट्ट केली.